पश्चात्तापानंतर काय? : ख्रिस्ती श्रद्धेतील परतणे आणि पुनःस्थापना

आपली चूक कळली की मराठी माणसाच्या तोंडी तीन शब्द येतात. बोलताना तो पस्तावा म्हणतो, लिहिताना पश्चात्ताप म्हणतो, आणि प्रकरण धर्माच्या किंवा जातीच्या दारात गेले की प्रायश्चित्त म्हणतो. पहिले दोन शब्द मनातले, तिसरा चारचौघांतला. पण चूक झाली, कळली, तिची भरपाईही झाली. त्यानंतर त्या माणसाची घरात, भावकीत, गावात जागा कोणती, हे सांगणारा चौथा शब्द रोजच्या मराठीत सापडत नाही. ‘पुनःस्थापना’ हा शब्द आहे, पण तो कानी पडला की आपल्याला मूर्ती आठवते किंवा पुतळा आठवतो. माणूस आठवत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथात या चौथ्या गोष्टीला फार मोठी जागा आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मूळचा साताऱ्याकडचा; नोकरीची बरीच वर्षे सांगलीत मराठी शिकवण्यात गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक वर्गात शिकवायचे, तर त्यांच्या शब्दांमागचा ग्रंथ वाचायला हवा, म्हणून बायबलकडे वळलो. ख्रिस्ती श्रद्धेत पश्चात्ताप म्हणजे नेमके काय, त्यानंतर देव माणसाला काय परत देतो, आणि ही कल्पना कृष्णाकाठी आली तेव्हा आपल्या इथल्या कोणत्या कल्पना तिला सामोऱ्या आल्या, हे या लेखात पाहायचे आहे. सातारा आणि सांगली मी एका दमात म्हणतो, कारण आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग जुन्या सातारा जिल्ह्यातलाच. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली जिल्हा झाले.

ताप आणि वळण

पश्चात् अधिक ताप. मागाहून होणारी पोळ. शब्द मोठा अर्थवाही आहे, आणि त्याचे भावंड ‘अनुताप’ आपल्या संतसाहित्यात जागोजागी भेटते. ज्यांची समाधी सज्जनगडावर आहे त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. त्यातला मुमुक्षू म्हणजे स्वतःच्या गेलेल्या आयुष्याकडे पाहून होरपळलेला माणूस. आपले दोष तो स्वतःच मोजतो, स्वतःलाच दूषण देतो. पण समर्थ त्याला तिथे थांबू देत नाहीत. ही दुसरीच पायरी आहे. अजून दोन चढायच्या आहेत.

बायबलचा जुना करार हिब्रू भाषेत आहे. तिथे या जागी येणारे क्रियापद ‘शूब’. त्याचा अर्थ अगदी साधा : परत फिरणे, मागे वळणे. वाट चुकलेला वाटसरू करतो तेच. नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि तिथला शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे. या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ताप नाही. दुःख होते, अश्रू येतात, पण शब्दाचा भर वळण्यावर आहे. नुसतेच पोळलेल्या माणसाने अजून पाऊल उचललेले नसते.

शब्दाच्या भाषांतराने केवढा फरक पडतो याचे उदाहरण युरोपात आहे. तिथे हजार वर्षे लॅटिन बायबल चालले. त्यात या जागी जी शब्दयोजना होती तिचा अर्थ लोक ‘प्रायश्चित्त करा’ असा घेत आले. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून पंडितांच्या हाती दिला आणि मूळ शब्द ‘मन पालटा’ असा आहे हे सर्वांसमोर आले. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने पंचाण्णव प्रमेये मांडली. त्यातले पहिलेच प्रमेय असे की, ख्रिस्ताने सांगितलेला पश्चात्ताप हा एखाद्या दिवशी उरकण्याचा विधी नसून अख्ख्या आयुष्याची रीत आहे. कॅथलिक परंपरेने पापनिवेदनाचा संस्कार सोडला नाही. वसईच्या मराठीत उपवासाच्या चाळीस दिवसांना आजही प्रायश्चित्तकाळ म्हणतात. पण अंतःकरण न पालटता केलेला विधी फळत नाही, हे तिथेही शिकवले जाते.

मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यातून बाहेर पडला. पुढे भाषांतरे सुधारत गेली. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. मराठी ख्रिस्ती वापरात ‘पश्चात्ताप’ हा शब्द रुजला तो कायमचा. तो वाईट नाही. फक्त त्यातून ताप ऐकू येतो, वळण ऐकू येत नाही.

हा फरक किती खोल जातो ते येशूच्या दोन शिष्यांच्या कथांतून दिसते. यहूदा इस्कर्योताने तीस रुपयांना गुरूला धरून दिले. पेत्राने त्याच रात्री त्याला ओळखतच नाही असे तीनदा सांगितले. दोघेही पस्तावले. उलट आपल्या तिन्ही शब्दांच्या मापाने पाहिले तर यहूदाचीच बाजू भरभक्कम आहे : त्याला पस्तावा झाला, त्याने धर्माधिकाऱ्यांपुढे पाप कबूल केले, पैसे परत फेकले. धर्माधिकारी म्हणाले, त्याचे आम्हाला काय? आणि यहूदाने गळफास घेतला. पेत्राने यातले काहीच केले नाही. तो बाहेर जाऊन रडला, एवढेच. पण तो सोबत्यांना धरून राहिला, आणि ज्याला त्याने नाकारले होते तोच पुढे त्याला शोधत आला. ताप दोघांनाही झाला. वळायला समोर कोणी एकालाच मिळाले. मत्तयाच्या ग्रीकमध्ये यहूदाच्या पस्ताव्यासाठी ‘मेटानोइया’चे क्रियापद येत नाही. तिथे नुसती हळहळ दाखवणारे दुसरे क्रियापद आहे.

पंगतीत परत

आता आपल्या प्रायश्चित्ताकडे वळू. त्याला हसण्याची सुशिक्षितांत रीत पडली आहे, ती मला पटत नाही. परत घेण्याची एक ठरलेली वाट त्यात होती, आणि ज्या समाजात ती वाटच नसते तो समाज जास्त निर्दय असतो.

सातारा जिल्ह्यातले फलटण घ्या. बजाजी नाईक निंबाळकर विजापूरच्या दरबारी मुसलमान झाले. पुढे त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेतले, आणि यामागे जिजाबाईंचा आग्रह होता, असे परंपरा सांगते. पण नुसते परत घेऊन भागणार नव्हते. लोक पंगतीला बसतील का, सोयरीक करतील का, हा खरा प्रश्न होता. शिवाजी महाराजांची कन्या सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला, दिली गेली. त्या लग्नाने जे झाले ते कोणत्याही विधीने झाले नसते. पुनःस्थापनेचे याहून स्वच्छ मराठी उदाहरण मला माहीत नाही : चुकलेल्याच्या घरी राजाने लेक दिली.

एकोणिसाव्या शतकात हीच वाट किती अरुंद झाली ते मुंबईत दिसले. श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. १८४३ च्या सुमारास त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली, तेव्हा सनातन्यांनी मोठे काहूर उठवले. पुण्याचे पंचहौद मिशनचे चहाप्रकरण तर सर्वश्रुतच आहे. १८९० मध्ये मिशनच्या आवारात चहाचा पेला पुढे आला, नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले. न्यायमूर्ती रानड्यांना आपण पाप केले असे वाटत नव्हते. तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या दिवसांचा त्रास रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतो. म्हणजे पश्चात्ताप नसताना प्रायश्चित्त घडू शकते, आणि समाजाला तेवढे पुरतेही.

ख्रिस्ती कल्पना इथे क्रम उलटा करते. प्रायश्चित्तात आधी किंमत, मग पंगत. येशूच्या गोष्टींमध्ये आधी पंगत असते. तो जकातदारांकडे जेवतो, बदनाम लोकांच्या घरी उतरतो. धर्मनिष्ठांचा त्याच्यावरचा पहिला आक्षेप तोच आहे. किंमत द्यावी लागत नाही असे नाही, पण ती जेवल्यानंतर दिली जाते, आणि ती देणाऱ्याच्या मनातून येते.

मला सालगडी ठेवा

या उलट्या क्रमाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला. ती पाश्चात्त्य चित्रांतून आपल्याकडे आली म्हणून परकी वाटते. खरे तर ती शेतकऱ्याची गोष्ट आहे, आणि माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कुठल्याही गावात सांगावी, लोकांना ती अर्ध्यावरच कळेल.

धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. वाटणी विकून तो परमुलखात जातो, पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरे राखायची पाळी येते. पोटात आग पडल्यावर त्याला घर आठवते. हे लक्षात घ्यावे, कारण त्याचा पश्चात्ताप फारसा उदात्त नाही; भुकेने सुरू झालेला आहे. वाटेत तो बोलायचे वाक्य पाठ करतो. त्यात मुलगा म्हणून घ्या अशी मागणी नाही. मजुरात घ्या, एवढेच. आपल्या भाषेत : मला सालगडी ठेवा.

बाप त्याला लांबून पाहतो आणि धावत सुटतो. म्हातारा, इभ्रतदार माणूस गावादेखत धावत नाही, तेव्हाही आणि आताही. मुलगा पाठ केलेले बोलू लागतो, पण सालगड्याच्या वाक्यापर्यंत बाप त्याला पोचूच देत नाही. उंची वस्त्र, बोटात अंगठी, पायात जोडा, आणि पोसलेले वासरू कापून जेवण. अंगठी म्हणजे घराच्या वतीने शिक्का मारण्याचा अधिकार. जोडा म्हणजे हा घरातला आहे याची खूण, कारण गुलाम अनवाणी चालत. आपल्या गावगाड्यात कोणाला चपला काढून हातात धरून वाड्यापुढून जावे लागे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या जोड्याचा अर्थ टीकाकारांपेक्षा लवकर कळेल.

गोष्ट इथे संपत नाही. थोरला भाऊ शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत पाऊल टाकायला नकार देतो. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. राबला तो, आणि वासरू दुसऱ्यासाठी. बाप त्याच्याकडेही बाहेर येतो आणि सांगतो, जे माझे आहे ते सगळे तुझेच आहे. म्हणजे धाकट्याची विकलेली जमीन परत मिळालेली नाही. थोरल्याच्या वाट्याला धक्का लागलेला नाही. परत मिळाले ते नाते. पुनःस्थापना म्हणजे घड्याळाचे काटे मागे फिरवणे नव्हे.

आमच्या भावकीत १९८२ च्या गिरणी संपानंतर एक जण मुंबईहून परत आला. वाट्याची जमीन त्याने आधीच विकली होती. त्याला कोणी हाकलले नाही. गोठ्याशेजारी खोली दिली, दोन वेळचे ताट तिथे जात होते. पण लक्ष्मीपूजनाला त्याला कोणी बोलावले नाही, आणि बोलावले नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे हा दाखला वाचला तेव्हा उमगले की क्षमा आणि पुनःस्थापना यांत नेमके त्या गोठ्यापासून ओसरीपर्यंतचे अंतर आहे. आम्ही त्याला सालगडी ठेवले होते, तेही दयाळूपणे.

देण्याचा रोखा

पापाला ख्रिस्ती प्रार्थनेत ‘ऋण’ म्हटले जाते. येशूच्या अरामी बोलीत पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात हीच उपमा पुढे नेली आहे. तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ कर्जदाराने स्वहस्ते लिहून दिलेला रोखा असा होतो. देवाने तो रोखा रद्द करून क्रूसावर खिळला, असे पौल म्हणतो.

रोख्याची दहशत आपल्याकडे वेगळी समजावावी लागत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. रोखे जाळले की बरेचदा माणसांना हात लावला नाही. नंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला तो पुणे, सोलापूर, अहमदनगर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. त्याने न्यायालयाला रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. कागदावरचा आकडा शेवटचा नाही, त्याच्या मागे एक माणूस आहे, हे कायद्याने मान्य केले. पौलाची उपमा अशा मुलखात ऐकणाऱ्याला ईश्वरशास्त्र शिकायची गरज पडली नसेल.

पण इथे शंका येते, आणि ती रास्त आहे. रोखा फाडणारा देव फार सोयीचा नाही का? ज्याचे मी बुडवले त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर जक्कयाच्या कथेत आहे. जक्कय जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून झाडावर चढून बसलेला. येशू त्याला कसलीही अट न घालता म्हणतो, आज तुझ्या घरी उतरायचे आहे. अट नसल्यामुळेच जक्कय स्वतः उभा राहतो आणि सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करीन. चौपटीचा हा हिशेब मोशेच्या नियमशास्त्रातला : चोरलेली मेंढी मारली किंवा विकली तर तिच्या जागी चार. देवाची क्षमा आधी आली म्हणून माणसाचे देणे बुडाले नाही. उलट ते आता खरोखर फिटू लागले.

मेंढीवरून दावीद राजाची गोष्ट निघते. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले. नाथान संदेष्ट्याने येऊन त्याला एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती पळवणाऱ्या श्रीमंतावर दावीद संतापला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दावीदाने पाप कबूल केले, त्याला क्षमा मिळाली, सिंहासनही राहिले. पण मूल वाचले नाही आणि घरातला रक्तपात थांबला नाही. क्षमेने परिणाम पुसले जात नाहीत, हे बायबल कुठेही लपवत नाही. जर्मन धर्मगुरू डीट्रिख बोन्हॉफरने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपे’वर टीका केली ती यासाठीच. पश्चात्तापाशिवाय मिळालेली क्षमा म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःला दिलेली सूट, असे त्याचे म्हणणे. हिटलरच्या राजवटीने १९४५ मध्ये त्याला फाशी दिली.

ज्यांचे काही चुकलेच नव्हते

आतापर्यंत चुकलेल्यांची गोष्ट झाली. पण सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास पाहताना मला एक वेगळाच पेच दिसला. अमेरिकन मराठी मिशन सातारा आणि वाई भागात, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन कोल्हापूर, सांगली, मिरज भागात काम करू लागले. जे लोक ख्रिस्ती झाले त्यातले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. त्यांना गावाने आधीच सांगून ठेवले होते की तुमचा जन्म हेच तुमच्या मागल्या पापाचे फळ. अशा माणसापुढे उभे राहून उपदेशक म्हणतो, पश्चात्ताप करा. कशाचा?

मद्यपान, भांडण, खोटेपणा अशा माणसाच्या चुका त्यांच्याही होत्याच, त्याबद्दल ते वळलेही. पण त्यांना हवी होती ती पुनःस्थापना, आणि तिला पश्चात्तापाची पूर्वअट लागू पडत नव्हती. हिरावून घेणारा दुसराच होता. बायबलमध्ये याला आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, कोणाचेच नाही. कर्मविपाकाचा प्रश्न इतक्या थेट विचारला गेला आहे आणि इतक्या थेट नाकारला गेला आहे.

मिरजेत ही गोष्ट दवाखान्याच्या रूपाने पाहायला मिळते. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, आणि त्या शहरातले रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही त्याच परंपरेतले. येशू कुष्ठरोग्याला बरे करतो तेव्हा लगेच सांगतो, जा, स्वतःला याजकाला दाखव. मला पूर्वी हे अनावश्यक वाटे. बरा झाला, आता याजक कशाला? पण मोशेच्या नियमाप्रमाणे याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय त्याला वस्तीत पाऊल ठेवता येत नसे. कातडी बरी करणे हे अर्धे काम. गावाने घरात घेणे हे उरलेले अर्धे. औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागल्यालाही कितीतरी वर्षे झाली. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांतून निघाले ते २०१९ मध्ये. बरे होणे आणि परत घेतले जाणे यांमधले अंतर इतके लांब असते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी ‘कृपासदन’ काढले ते याच जाणिवेतून. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी ‘पतित’ म्हटलेल्या स्त्रियांना सन्मानाने पुन्हा उभे करणाऱ्या भगिनींचे काम पाहिले होते, आणि हे तुम्ही का करता असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा ऐकायला मिळाली. अशा स्त्रियांसाठी आपल्या शास्त्रात परतीची वाट नाही, ही त्यांची वेदना होती. त्यांच्या धर्मांतराचे मूळ बरेचसे तिथे आहे.

ख्रिस्ती मंडळ्याही या कसोटीला नेहमी उतरल्या असे मी म्हणणार नाही. प्रेस्बिटेरियन परंपरेत गंभीर चूक करणाऱ्याला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवण्याची आणि पश्चात्ताप दिसल्यावर परत घेण्याची शिस्त आहे. हेतू परत आणण्याचाच. पण शिस्त माणसांच्या हाती असते, आणि माणसांच्या हाती आलेली पंगत ग्रामण्यापासून फार लांब राहत नाही. थोरला भाऊ कोणत्याही धर्मात जन्म घेतो.

साताऱ्यातला दरबार

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, ही त्यांची पुढची काही वर्षांची स्थिती ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. पुढे त्या परत टिळकांबरोबर राहू लागल्या, धर्म आपापला ठेवून. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालून. या पुस्तकात ‘क्षमा’ हा शब्द फारसा मिरवत नाही. टिळक चिडतात, वस्तू देऊन टाकतात, हरवतात, वरमतात, परत येतात. लक्ष्मीबाई रागावतात, हसतात, स्वयंपाकाला लागतात. माझ्या मते मराठीत पश्चात्ताप आणि पुनःस्थापना यांवरचे सर्वांत चांगले लेखन हेच, जरी ते त्या विषयावर लिहिलेले नाही. संसारात परत घेण्याचा विधी नसतो. ताट वाढलेले असते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. धर्मांतर म्हणजे एका पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीत बसणे, असे तेव्हा दोन्ही बाजू मानत. टिळकांना ते मान्य नव्हते. माणसाने देवाकडे वळावे, पण वळताना आपल्या मातीकडे, अभंगाकडे, भाऊबंदांकडे पाठ फिरवू नये. हिब्रूतले ‘परतणे’ त्यांनी असे मराठी केले. पण पुढे फार दिवस हाती नव्हते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार बाळसे धरण्याआधीच विरला.

भिंत नसलेला तुरुंग

पुनःस्थापनेचे धर्माबाहेरचे उदाहरणही याच मुलखात आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात, आणि संस्थानातली आटपाडी आज सांगली जिल्ह्यात. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिचे नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत; शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांतारामांचा चित्रपट या प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, जे त्याच माणदेशचे.

फ्रीडमन जन्माने यहुदी होते. ‘शूब’ या क्रियापदापासून झालेला ‘तेशुवा’ हा त्यांच्या पूर्वजांचा शब्द. परतणे हाच त्याचा अर्थ. त्यांच्या मनात तो होता की नाही यावर मी काही बांधत नाही. पण स्वतंत्रपूरचा क्रम मात्र तोच आहे : आधी विश्वास टाकायचा, मग माणूस त्या विश्वासाला जागतो. सुधारल्याचा दाखला आणा मग कुलूप काढतो, असे तिथे म्हटले गेले नाही.

आता पुन्हा पेत्र. योहानाच्या शुभवर्तमानात त्याने गुरूला नाकारले तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर येशू त्याला तळ्याकाठी भेटतो तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासे भाजले जात आहेत. आधी न्याहारी होते. मग येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे ना? तीन नकारांना तीन होकार. त्या रात्रीची एकदाही आठवण काढली जात नाही, आणि ती विसरलीही जात नाही. विस्तव समोरच आहे. आणि प्रत्येक होकारानंतर पेत्राला काम सांगितले जाते : माझी मेंढरे सांभाळ. ज्याने दगा दिला त्याच्याच हाती कळप.

म्हणून पश्चात्तापानंतर काय, या प्रश्नाचे ख्रिस्ती श्रद्धेतले उत्तर ‘क्षमा’ एवढेच नाही. पुढे जेवण असते, नाव असते आणि काम असते. पश्चात्ताप एकट्याला करता येतो. पुनःस्थापना एकट्याला करता येत नाही. देवाने जागा दिली तरी शेजारच्या पाटावरच्या माणसाला सरकून बसावे लागते. लूकने दाखला लिहिताना शेवट मोकळा ठेवला आहे. आत वाजंत्री चालू आहेत, बाप अंगणात उभा राहून समजूत घालतो आहे. थोरला भाऊ आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही.